दाढदुखीची पंगत

सांगलीत विश्रामबागेतल्या त्या दातांच्या दवाखान्यात मला नोकरी लागली ती माझे दात सरळ होते म्हणून. डॉक्टरांनी माझं बी.ए.चं प्रमाणपत्र पाहिलं नाही, टायपिंग येतं का विचारलं नाही. "जरा हसून दाखवा," म्हणाले. मी हसले. "उद्यापासून या." दारात बसलेल्या माणसाचे दात बघून पेशंटला हुरूप यावा, अशी त्यांची कल्पना. प्रत्यक्षात गालाला फडकं बांधून, रात्रभर तळमळून आलेल्या माणसाला दारातच कुणी बत्तीशी दाखवली, तर त्याला हुरूप येत नाही. हात उगारावासा वाटतो. तसं एक-दोघांच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसलं आणि मी हसणं बंद केलं.

आता दातांच्या दवाखान्यांचा कारभार बघणारी, त्याच विषयातल्या पदव्या घेतलेली मुलं मला भेटायला येतात. "मॅडम, तुमच्यात नेतृत्वगुण कसे आले?" असं विचारतात आणि पेन उघडतात. मी त्यांना पंगतीचं सांगायला लागते. ती पेन बंद करतात. म्हणून म्हटलं, आपणच एकदा लिहून टाकावं.

मी मूळची कोरेगावची. वडील फौजेतून परत येऊन ऊस बघत होते, आणि मी आत्याकडे राहून सांगलीत शिकले ती तिथेच चिकटले. दवाखान्यात बाहेर बाकांची खोली, आत लाल गादीची, पांढऱ्या लोखंडाची, पायानं दाबून वर-खाली होणारी खुर्ची. डॉक्टर मुंबईला शिकून आलेले. हात इतका हलका, की दाढ निघाली तरी माणूस म्हणायचा, "करा आता सुरू." पण दवाखाना मात्र चालत नव्हता. म्हणजे बाहेरची खोली माणसांनी गच्च आणि आतली खुर्ची रिकामी. मला पहिले काही दिवस हा प्रकार कळेचना.

मग कळलं. आमच्या माणसांना दाढदुखी सोसते, पण दुसऱ्याच्या आधी आत जाणं सोसत नाही.

"पावणं, व्हा तुमी फुडं," एक सुजलेला गाल म्हणायचा.

"छ्या छ्या, तुमी थोर. तुमी व्हा," दुसरा सुजलेला गाल.

"आवं, तुमी तासगावास्नं आलाय. लांबचं पावणं. आमी काय, हितलंच."

"आदी त्या म्हातारबाबास्नी जाऊ द्या की."

सगळ्यांना ते पटायचं. म्हातारबाबांना दोन्ही बाजूंनी धरून आत नेलं जायचं. एकदा डॉक्टरांनी अशाच एका बाबांचं तोंड उघडून पाहिलं तर आत एकही दात नव्हता. "बाबा, दुखतंय काय?" "काय न्हाई. पोराच्या सोबतीला आलोय. ही मंडळी म्हनली, तुमी व्हा फुडं. त्यांचं मन कसं मोडायचं?"

डॉक्टरांनी पत्र्याचे नंबर करून आणले. ते मी वाटायची आणि लोक एकमेकांना द्यायचे. एक नंबर स्वतःजवळ ठेवायला कुणी धजेना. तो हातोहात खोलीभर फिरायचा आणि शेवटी बाकाखाली सापडायचा. बरं, इतकं करून कुणी आत गेलाच, तर तो खुर्चीजवळ उभा. "बसा," डॉक्टर म्हणायचे. "तुमी बसा आदी." "मला उभं राहूनच काम करायचंय." "तुमी हुबं आन आमी बसायचं? बरं दिसत न्हाई त्ये." मी डॉक्टरांना एक उंच स्टूल आणून दिलं. डॉक्टर बसले, पेशंट बसला. दवाखान्याच्या कारभारात मी केलेली ही पहिली सुधारणा. डॉक्टरांची पाठ दुखायची थांबली ती वेगळीच.

बाहेरच्या घोळाचा उपाय मला कोरेगावात चुलतबहिणीच्या लग्नात सापडला. जेवायला हीच माणसं, हाच मानापमान. पण काकू पदर खोचून म्हणाली, "चला, ही ओळ बसू द्या," की ती ओळ मुकाट बसत होती. कुणी "तुमी आदी" म्हणत नव्हतं. मी हातातली आमटीची बादली तशीच धरून उभी राहिले. लग्नाला यजमान असतो! आमच्या दवाखान्यात सगळेच पाहुणे, घरचं कुणीच नाही. मग पाहुण्यांनी करायचं तरी काय?

सांगलीला परतल्यावर मी बाकं मागे टाकली आणि भिंतीकडेनं सतरंज्या अंथरल्या. दारात तांब्या-भांडं ठेवलं. येईल त्याला म्हणायला लागले, "या, बसा. घर आपलंच हाय." ऊस कुठवर आला, सून माहेराहून परतली का, सगळी विचारपूस. दुखणं कुणाचं जास्त आहे ते त्यातच कळायचं. मग त्याच्यापुढे जाऊन, "चला मामा, उठा तुम्ही." कुणी आढेवेढे घेतलेच तर माझ्याकडे हुकमी वाक्य होतं: "आमच्या घरचा मान ठेवणार न्हाई व्हय?" यापुढे टिकेल असा माणूस सातारा-सांगलीत अजून जन्मायचा आहे. आत पोचवताना सवयीनं माझ्या तोंडून जायचं, "सावकाश होऊ द्या."

"बाई, हा दवाखाना आहे की लग्नघर?" डॉक्टर दातओठ खाऊन म्हणाले.

पण खुर्ची रिकामी राहीना. थोडा त्रास झाला, नाही असं नाही. लोक घरी आल्यासारखे येऊ लागले, तेव्हा हात हलवत कसे येणार? कुणी घेवडा आणायचं, कुणी गुळाची ढेप. दातांच्या दवाखान्यात गुळाच्या ढेपा रचलेल्या बघून डॉक्टरांचा चेहरा पडायचा. एक गृहस्थ दाढ काढून झाल्यावर, तोंडात कापूस धरून, पुन्हा सतरंजीवर येऊन बसले. बराच वेळ झाला, उठेनात. "मामा, झालं की तुमचं." त्यांनी कापूस गालात सरकवला आणि अदबीनं विचारलं, "पानं मांडायला अजून येळ हाय का?"

दवाखाना असा चालला, की डॉक्टरांनी साताऱ्यात दुसरा काढायचं ठरवलं. मला आत बोलावून म्हणाले, "बाई, साताऱ्याची सगळी जुळवाजुळव तुम्ही करा. पहिल्या दिवशी खोली भरून दाखवा. तिथल्या मॅनेजर तुम्ही."

मला ते हवं होतं. फार हवं होतं. त्या काळी शिकलेली बाई म्हणजे एक तर मास्तरीण, नाही तर नर्स. मला लोक नर्सबाई म्हणायचे, कंपाउंडरबाई म्हणायचे, एकानं तर डॉक्टरांची मेहुणी ठरवली होती. काम मी करायचं आणि कौतुक डॉक्टरांच्या हलक्या हाताचं व्हायचं. मी जे करते त्याला नाव असावं आणि ते माझ्या नावापुढे लागावं, एवढंच मला पाहिजे होतं. आत्या म्हणायची, "पगार वाढवून माग, नावानं काय पोट भरतं?" पण माझी भूक त्याचीच होती.

एसटीनं साताऱ्याच्या खेपा घालून मी स्टँडजवळ दोन खोल्या बघितल्या, चुना मारून घेतला, सतरंज्या आणल्या. मग आसपासच्या गावांतून दाढदुखीवाले शोधले आणि त्यांना रीतसर अक्षता देऊन आमंत्रण दिलं. ज्यांचे दात ठणठणीत होते ते रुसले. "आमाला न्हाई व्हय अक्षता?" त्यांनाही दिल्या. दात काय, आज ना उद्या दुखणारच.

आता मेहुणे. डॉक्टरांच्या बायकोचे धाकटे भाऊ. त्यांनी आधी कोंबड्या पाळल्या होत्या, मग सायकलचं दुकान काढलं होतं, आणि आता ते विचार करत होते. सांगलीला नवी खुर्ची येणार होती, जुनी साताऱ्याला पाठवायची होती. "तेवढी ट्रकमधून घेऊन येतील ते," डॉक्टर म्हणाले. "त्यांनाही जरा काम." मी म्हटलं, येऊ देत. खुर्ची आणण्यात काय बिघडवतील?

पहिल्या दिवशी सकाळीच साताऱ्याची खोली भरली. सतरंज्या पुरेनात, जिन्यात माणसं. डॉक्टर त्यांच्या गाडीनं आले, खूश झाले, हात धुऊन तयार. खुर्ची नाही. ऊन वर आलं तरी नाही. मी विचारपूस करून करून सगळ्यांच्या सुना, म्हशी आणि विहिरी संपवल्या. तेवढ्यात कराडकडून आलेल्या एसटीचा ड्रायव्हर मला शोधत आला. खेपा घालून घालून तो ओळखीचा झाला होता, खुर्चीचंही त्याला ठाऊक होतं. "बाई, तुमची ती लाल खुर्ची वाटंवरच्या गावात स्टेजवर हाय. वर एक मानूस बसलाय. हार घालत्यात त्याला."

मी परतीच्या गाडीनं त्या गावात गेले.

नुकताच दुष्काळ हटला होता आणि सत्कारांना ऊत आला होता. त्या गावचे एक सुभेदार निवृत्त होऊन परतले होते आणि त्यांच्यासाठी शाळेपुढे मांडव घातला होता. शाळेची खुर्ची सुभेदार बसताच मोडली होती. नेमके त्याच वेळी आमचे मेहुणे चहाला थांबले, आणि ट्रकमध्ये ते लाल सिंहासन! गावकऱ्यांनी हात जोडले. मेहुण्यांच्यानं नाही म्हणवलं नाही, कारण तोवर त्यांच्याही डोक्याला फेटा बांधून झाला होता. मी पोचले तेव्हा ते 'सांगलीचे थोर पाहुणे' म्हणून माइकवरून तरुणांना कष्टाचं महत्त्व सांगत होते.

सुभेदार खुर्चीत होते. खुर्चीला पाय दाबायची कळ आहे हे तिथल्या पोरांना सापडलं होतं, आणि सत्कारमूर्ती जितकी वर तितका गावाचा मान, म्हणून त्यांनी सुभेदारांना दाबून दाबून पार टोकाला नेलं होतं. सुभेदारांचे पाय अधांतरी. चूळ थुंकायच्या भांड्यात नारळ आणि शाल. मी हार घालायच्या निमित्तानं जवळ गेले तर ते पुटपुटले, "पोरी, मला खाली घे गं. लढाईत येवढं भ्या वाटलं न्हवतं."

खाली घ्यायची कळ मला ठाऊक होती. पण सत्कार चालू असताना सुभेदार सगळ्यांदेखत खाली आले असते, तर गावानं मला मांडवातच गाडलं असतं. शिवाय बोलणारे अजून पुष्कळ उरलेले. एकेक जण हातात कागद घेऊन रांगेत बसला होता. तिकडे साताऱ्यात सुजलेले गाल ताटकळत होते आणि माझं मॅनेजरपण इथे हवेत लटकत होतं. सत्कारमूर्तीला ऊठ म्हणता येत नाही, आणि ते उठल्याशिवाय खुर्ची मिळत नाही. मग मला सुचलं, की उठवायचंच कशाला?

मी सरपंचांच्या कानाशी गेले. "मिरवणूक कुठवर ठरलीय?"

"येशीपातूर."

"एवढ्या मोठ्या माणसाची मिरवणूक वेशीपर्यंतच? पलीकडच्या गावानं त्यांच्या हवालदाराला तालुक्यापर्यंत नेलं म्हणतात. आपला ट्रक साताऱ्यालाच चाललाय."

हवालदाराचं मी त्या क्षणी रचलं होतं. सरपंचांनी मिशीवरून हात फिरवला, मेहुण्यांच्या हातातला माइक काढून घेतला आणि जाहीर केलं, की मिरवणूक साताऱ्याला जाईल. पोरांनी खुर्ची सुभेदारांसकट उचलून ट्रकवर चढवली, दोरांनी बांधली. हलगीवाले चढले, लेझीमवाले चढले. मेहुणे फेटा सांभाळत ड्रायव्हरशेजारी बसले. मी मागे खुर्चीचा पाय धरून. चढ लागला की सुभेदार डोळे मिटायचे आणि माणसं ओरडायची, "सुभेदारसाहेबांचा विजय असो!"

साताऱ्यात शिरलो तेव्हा स्टँडवरची अर्धी माणसं मागे लागली. डॉक्टर जिन्यात येऊन उभे. सुभेदारांना खुर्चीसकट वर नेलं, खुर्ची जागेवर ठेवली, आणि मग मी दार लावून ती हळूहळू खाली घेतली. सुभेदारांचे पाय फरशीला लागले. त्यांनी खुर्चीकडे रागानं पाहिलं, मला कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, "आता हितनं चालत जातो." ते खरंच चालत गेले.

बाहेर डॉक्टर आनंदानं फुलले होते. सातारा शहरात दवाखान्याचं असं उद्घाटन कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी फेटेवाल्या मेहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काय जाहिरात केलीत! मानलं!" मेहुणे लाजले. खोटं ते एक अक्षर बोलले नाहीत. काही बोललेच नाहीत. मग डॉक्टरांनी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं, "मंडळी, हे आपल्या साताऱ्याच्या दवाखान्याचे मॅनेजर."

मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि राग आला की मला भूक लागते. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी डॉक्टरांना आत बोलावलं. "तुम्ही मला शब्द दिला होता."

"अहो, तुम्ही आहातच की. काम सगळं तुम्हीच बघायचंय. ते आपले नावाला."

"मला नावच पाहिजे होतं, डॉक्टर. काम तर मी आधीपासून करतेय."

ते जरा अवघडले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, परकं गाव. बाईमाणसाचं इथं कोण ऐकणार?"

मी पिशवी उचलली. सतरंजीवरच्या मंडळींना मीच बोलावलं होतं. न सांगता निघणं वाईट दिसलं असतं. म्हणून दारात थांबून म्हणाले, "येते मी." आणि स्टँडवर जाऊन सांगलीच्या गाडीत बसले. खिडकीतून भजी घेतली. खाताना सारखं वाटत होतं, झालं, आता आत्या म्हणेल मी सांगितलं नव्हतं का.

अर्धी भजी झाली असतील, तोच गालाला फडकं बांधलेला एक माणूस गाडीत चढला. त्याच्यामागे दुसरा. मग एक आजी, मग तिची सून. सकाळपासून माझ्या सतरंजीवर बसलेली सगळी माणसं एकेक करून चढत होती. आत चढतानासुद्धा दारात "तुमी व्हा फुडं" चाललं होतं.

"तुम्ही कुठं निघालात?" मी विचारलं.

"तुमी जाताय तितं," फडकेवाला म्हणाला.

"अहो, डॉक्टर तिकडं वर आहेत! खुर्ची आलीय!"

"आसंल. पर आमाला बलीवलं कुनी? तुमी. यजमानीणच निगून चालली, तर परक्याच्या घरात तोंड उघडून बसावं व्हय आमी?"

आजी म्हणाली, "त्ये फेटेवालं पोरगं नुसतं 'चला, कोण आहे, चला' वरडतंय. कुनी उठंना. आसं कुनी बलीवतं व्हय? कुत्र्याला हाकल्यावानी."

कंडक्टर आला आणि सुजलेल्या गालांनी भरलेली गाडी बघून दारातच थबकला. "काय गं बाई, वऱ्हाड हाय का ह्ये?" त्यानं तिकिटं फाडायला सुरुवात केली. घंटी द्यायला हात वर केला, तेवढ्यात डॉक्टर पळत आले. अंगात पांढरा कोट, हातात तोंडात घालायचा छोटा आरसा तसाच. माझ्या खिडकीखाली उभे राहून, दम खात, हळूच म्हणाले, "बाई, उतरा खाली. चुकलं माझं. मॅनेजर तुम्हीच."

"खिडकीत नको, डॉक्टर. आत येऊन सांगा."

मुंबईला शिकलेला तो माणूस एसटीत चढला. ड्रायव्हरच्या पाठीशी उभा राहिला. घसा साफ केला. "साताऱ्याच्या दवाखान्याच्या मॅनेजर या बाई आहेत."

"मागं ऐकू आलं न्हाई," मागच्या बाकावरून आजी.

"साताऱ्याच्या दवाखान्याच्या मॅनेजर या बाई आहेत!" डॉक्टर ओरडले. "त्या सांगतील तसं चालेल. मीसुद्धा तसंच वागेन!"

मी उरलेली भजी पुडीत गुंडाळली. मी कितीतरी वेळा मनात ते वाक्य म्हणून पाहिलं होतं, आरशासमोरसुद्धा. पण दुसऱ्याच्या तोंडून, इतक्या मोठ्यानं ते पहिल्यांदाच ऐकत होते. मी उठले. डॉक्टरांच्या मागून मेहुणेही चढले होते. "माझी सांगलीला जायची सोय झाली म्हणायची," असं म्हणून त्यांनी फेटा मांडीवर घेतला आणि सुटकेचा श्वास सोडत माझ्या रिकाम्या जागेवर बसले. त्यांच्याबद्दलचा माझा राग तिथेच संपला.

मी उतरले. माझ्यामागे सगळी गाडी उतरली. सांगलीला खरोखर निघालेला एक वाणीही उतरला. म्हणाला, एवढी मंडळी जातायत तर माझीही एक दाढ दाखवून घेतो. मागे उरले मेहुणे, ड्रायव्हर आणि कंडक्टर.

कंडक्टर तणतणत खाली आला. फाडलेल्या तिकिटांचं काय करायचं, रिकामी गाडी घेऊन गेल्यावर साहेबाला काय सांगायचं, एसटी म्हणजे काय तुमच्या घरची बैलगाडी वाटली का? तो डॉक्टरांच्या कोटाकडे बघून बोलत होता. डॉक्टरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग थांबले, तोंड मिटलं आणि माझ्याकडे बोट केलं. "मॅनेजर त्या आहेत. त्यांना बोला."

कंडक्टर माझ्याकडे वळला आणि साताऱ्याच्या भरल्या स्टँडवर, सगळ्या गावादेखत, त्यानं मला वाट्टेल ते सुनावलं. मी खाली मान घालून उभी होते आणि मनात म्हणत होते, बोल बाबा, अजून बोल.